पेन्सिलीनं काढलेलं लहानपण
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात 'ग्रीन डेज' या कोरियन ॲनिमेशनपटाची ओळख करून दिली होती. त्यावर नाशिकहून आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांना चित्रपटाबद्दल विचारायचं नाही, स्वतः असं काहीतरी करून पाहायचं आहे. म्हणून या वेळचं सदर बरंचसं कामाचं आहे.

मागचा अंक हाती न आलेल्यांसाठी थोडक्यात. आन जे-हून आणि हान ह्ये-जिन या दोघांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2011 साली कोरियात प्रदर्शित झाला. तो पुरा व्हायला 11 वर्षं लागली आणि त्यासाठी सुमारे 1,00,000 चित्रं पेन्सिलीनं, हातानं काढली गेली. त्यांच्या स्टुडिओच्या कोरियन नावाचा अर्थच 'पेन्सिलीनं ध्यान करणं' असा आहे. कोरियन शीर्षकाचा अर्थ होतो 'मौल्यवान दिवसांचं स्वप्न'. धावण्यात तरबेज असलेली शाळकरी मुलगी इरांग, अंतराळाचं वेड लागलेला चोल्सू आणि सोलहून शाळेत नव्यानं आलेली सुमिन, ही त्यातली तीन मुलं.

प्रश्न : मी कधी कोरियाला गेलेलो नाही. तरी चित्रपट पाहताना मला माझीच शाळा आठवत राहिली. गोष्ट तर अगदी साधी आहे. मग असं का व्हावं? अशा धाटणीचं आणखी काय पाहता येईल? (निवृत्त बँक कर्मचारी, कॉलेज रोड)

उत्तर : साधी आहे म्हणूनच. आपल्यापेक्षा वेगानं धावणारं कुणीतरी आहे हे कळल्यावर इरांगचा धीर सुटतो, एवढाच धक्का या गोष्टीत आहे. तो प्रत्येकाला कधी ना कधी बसलेला असतो. कुणाला गणितात, कुणाला गाण्यात. पण नुसत्या गोष्टीनं तुम्हाला तुमची शाळा दिसली नसती. ती दिसली कारण गोष्टीभोवतीच्या वस्तू नेमक्या आहेत. 'जुना काळ' असा ढोबळ काळ कुणाच्या आठवणीत नसतो. आठवणीत बाकाची फळी असते, तिच्यात कर्कटकानं पाडलेलं भोक असतं.

गोष्टीच्या काळातल्या कोरियाचे दोन-तीन तपशील माहीत असले की चित्रपट अधिक उलगडतो. तिथं रंगीत दूरदर्शन सुरू झालं डिसेंबर 1980 मध्ये. आपल्याकडे 1982च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं. म्हणजे काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर वाढलेली तिथली शेवटची पिढी आणि आपली शेवटची पिढी जवळजवळ एकाच वयाची. शाळांमधला सक्तीचा जुना गणवेश तिथं 1983 मध्ये गेला, त्यामुळे चित्रात तो गणवेश दिसला की कोरियन माणसाला साल सांगावं लागत नाही. त्या पिढीची आणखी एक आठवण डब्याची. हिवाळ्यात वर्गात मधोमध लोखंडी शेगडी असायची आणि तिच्यावर मुलं आपापले ॲल्युमिनियमचे डबे एकावर एक रचायची. तळाच्या डब्यातला भात करपायचा, म्हणून मधूनमधून डब्यांची अदलाबदल करावी लागायची. आपल्या वर्गात शेगडी नव्हती, पण तळाचा डबा आपला असू नये यासाठीची ती धडपड आपल्याला लगेच ओळखू येते.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आवाज बंद करून 10 मिनिटं पाहा. पात्र चौकटीतून निघून गेल्यावरही रिकामी जागा किती वेळ दाखवली जाते ते मनातल्या मनात मोजा. तो एक-दोन सेकंदांचा थांबा कापला, तर तोच प्रसंग नुसती माहिती होऊन बसतो.

आणखी पाहायचं तर ली सुंग-गांग यांचा 2002चा 'मारी इयागी' पाहा. मोठा झालेला माणूस समुद्रकाठच्या गावातलं आपलं लहानपण आठवतो. त्याला फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात कडेच्या रेषाच नाहीत, सगळं रंगांच्या ठिगळांनी उभं केलंय; पेन्सिलीच्या चित्रपटाशेजारी ठेवून पाहायला फार चांगला. 'ओसेआम' (2003) बौद्ध मठात राहणाऱ्या अनाथ भावाबहिणीचा आहे, त्यालाही आनसीत 2004 मध्ये तोच मान मिळाला. तो मात्र रुमाल जवळ ठेवून पाहा.

प्रश्न : कोरियात एवढे कुशल चित्रकार आहेत, तर असे चित्रपट मोजकेच का? (सिडको)

उत्तर : त्या हातांचं बहुतेक काम दुसऱ्यांच्या चित्रांत गेलं. पहिला कोरियन पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 1967चा 'होंग गिल-दोंग'. पण पुढची अनेक वर्षं तिथले स्टुडिओ अमेरिकन आणि जपानी मालिकांसाठी कंत्राटी काम करत राहिले. हालचालीची मुख्य चित्रं परदेशातून यायची, एका मुख्य चित्रापासून दुसऱ्यापर्यंत नेणारी मधली हजारो चित्रं सोलमध्ये काढली जायची. त्यातून हात तयार झाले आणि पगारही मिळाले. स्वतःच्या गोष्टीसाठी पैसा आणि वेळ मात्र ज्यानं त्यानं उभा करायचा. 11 वर्षं लागतात ती अशी.

प्रश्न : मी जुन्या नाशकातल्या शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या 32 मुलांना घेऊन वाड्यातल्या लहानपणावर दोन मिनिटांचा पेन्सिल-चित्रपट करायचा आहे. साहित्य काय लागेल, चित्रं किती, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : बाई, सुरुवात विषय लहान करण्यापासून करा. 'वाड्यातलं लहानपण' दोन मिनिटांत मावत नाही. एक दिवस घ्या, एकच काम घ्या. उदाहरणार्थ, गोदावरीला पूर आलाय आणि वाड्यातला मुलगा पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते पाहायला धावत निघालाय. नाशिककरांना पूर फुटांत सांगावा लागत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, एवढं बोललं की पुरतं. गोष्टीला लागणारं घड्याळ तुम्हाला नदीनंच दिलंय. दिंडी दरवाजा, अंधारा बोळ, पायऱ्या, घाट, आणि शेवटी मारुती. पंधराएक दृश्यांत बसेल.

आता हिशेब. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असतात. एक चित्र दोन चौकटी धरलं तर सेकंदाला 12 चित्रं पुरतात. हातानं केलेल्या कामात हीच रीत आहे. दोन मिनिटं म्हणजे 120 सेकंद, गुणिले 12, 1440 चित्रं. आकडा पाहून घाबरू नका, एवढी काढायचीच नसतात. 40 सेकंद नुसत्या पार्श्वभूमीची दृश्यं ठेवा: बोळावरून सरकणारी नजर, पागोळ्या, नदी. तिथं पावसाची आठ चित्रं फिरवून फिरवून वापरता येतात. आणखी 40 सेकंद पात्र जवळजवळ स्थिर, फक्त मान, हात किंवा डोळे हलतात. सेकंदाला सरासरी चार चित्रं, म्हणजे 160. उरलेली 40 सेकंदं पूर्ण हालचाल, 480 चित्रं. सगळी मिळून साधारण 650. मुलामागे वीस. एक चित्र स्वच्छ काढायला नववीच्या मुलाला 20 ते 30 मिनिटं लागतात, म्हणजे प्रत्येकी सात ते दहा तास. आठवड्याला दोन तास मिळाले तर पाच आठवडे. वर सहावा आणि सातवा आठवडा दुरुस्तीसाठी हाताशी ठेवा, तो लागतोच.

कागद साधा झेरॉक्सचा ए-फोर, 75 ग्रॅमचा. याहून जाड घेतला तर खालची रेघ दिसत नाही. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसावं म्हणून उजेडपेटी लागते; तिच्यासाठी लाकडी चौकटीत 18 वॉटचा पांढरा एलईडी पॅनल आणि त्यावर 3 मिलिमीटर जाडीची दुधी ॲक्रिलिक शीट. साध्या काचेवर दिवा डोळ्यांत जातो आणि मुलं तासाभरात कंटाळतात. पॅनल आणि शीट यांत दोन-तीन इंचांचं अंतर हवं, नाहीतर मध्येच उजळ आणि कडेला अंधार असं होतं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: खुंट्यांची पट्टी. प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. व्यावसायिक पट्टी महाग पडते, पण ऑफिसातल्या साध्या दोन भोकांच्या पंचिंग मशीननं काम भागतं. त्याच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर 80 मिलिमीटर असतं आणि भोक 6 मिलिमीटरचं. लाकडी पट्टीवर 80 मिलिमीटर अंतरावर दोन गोल खुंट्या चिकटवा, उंची 5 मिलिमीटर पुरे. खुंटी भोकात अलगद बसावी; सैल असेल तर कागद हलतो, घट्ट असेल तर भोक फाटतं. एका वेळी पाचहून जास्त कागद पंच करू नका, खालच्या कागदांची भोकं सरकतात. आणि सगळ्या वर्गासाठी एकच मशीन वापरा. दोन मशीनची भोकं अर्ध्या मिलिमीटरनं जरी वेगळी पडली तरी पडद्यावर अख्खा वाडा थरथरतो.

मुलांकडून लगेच चित्रं काढून घेऊ नका. आधी पात्राचा नमुना-कागद करा: मुलगा समोरून, बाजूनं, पाठीमागून. तो किती डोकी उंच ते ठरवा. पाच डोकी ठरवली तर सगळ्यांनी पाचच. सदऱ्याला बटणं किती, भांग कुठल्या बाजूला, चप्पल की अनवाणी, सगळं त्या कागदावर लिहा आणि प्रत्येकाच्या बाकावर त्याची झेरॉक्स ठेवा. हे केलं नाही तर 32 हातांतून 32 मुलगे निघतील. कामाची वाटणी दृश्यांनुसार करा. ज्यांचा हात चांगला आहे अशा चार-पाच मुलांनी हालचालीची मुख्य चित्रं काढायची, बाकीच्यांनी मधली भरायची. कच्चं काम फिक्या निळ्या रंगीत पेन्सिलीनं आणि पक्की रेघ एचबीनं. स्कॅन केल्यावर निळा काढून टाकता येतो, खोडरबराचा त्रास वाचतो.

प्रत्येक चित्रावर उजव्या कोपऱ्यात दृश्य क्रमांक, पात्राचं अक्षर आणि चित्र क्रमांक घाला: 5-क-12. आज हे फालतू वाटेल, पण पंख्याच्या वाऱ्यानं गठ्ठा उडाला की कळतं. सोबत प्रत्येक दृश्याचा तक्ता ठेवा: कोणतं चित्र किती चौकटी थांबणार, आवाज कुठे येणार.

आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. पात्र बोलत असेल तर मराठीत प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेच पाहिजेत आणि ते आवाजाच्या एक चौकट आधी मिटलेले असावेत. बाकी अक्षरांना तोंडाच्या चार आकारांत भागतं. 'बाप रे, पाणी!' या एका वाक्यात ओठ तीनदा मिटतात. ते चुकलं तर आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

स्कॅन 200 डीपीआयला पुरे होतं. त्यात ए-फोर कागद 2300 पिक्सेलच्या वर जातो आणि पूर्ण एचडीला 1920 लागतात. जोडणीसाठी ओपनटून्झ आणि क्रिटा ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पार्श्वभूमी वेगळी, कार्ट्रिज पेपरवर, जलरंगात करा. नजर सरकवायची असेल तिथं ती चौकटीच्या दीडपट लांब हवी.

प्रश्न : स्कॅन करून चित्रं चालवली तर सगळं लुकलुकतं. रेघाही कुठे जाड, कुठे गायब. काय चुकतंय? (गंगापूर रोड)

उत्तर : दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. कागदासकट सगळी चौकट उजळ-अंधार होत असेल तर दोष यंत्राचा: स्कॅनर प्रत्येक कागदाला स्वतःच्या मर्जीनं उजळवतोय. त्याच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा बंद करा आणि सगळ्या चित्रांना काळ्या-पांढऱ्याची एकच पातळी लावा. फोननं फोटो काढत असाल तर फोकस, प्रकाश आणि रंगछटा तिन्ही कुलूपबंद करा, खिडकी झाका, एकाच दिव्याखाली काम करा. ढग आला तरी सेकंदाला बारा वेळा कळतो.

कागद स्थिर आणि रेघच थरथरत असेल तर दोष हाताचा. पेन्सिल बोथट झाली की रेघ जाड होते, म्हणून दर दोन चित्रांनी टोक करा. एकाच दृश्यात एचबी आणि 2बी मिसळू नका. फाइल पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजी पेन्सिलीचा कण खाऊन टाकतो.

थोडी थरथर मात्र जपा. पात्र स्तब्ध उभं असताना एकच चित्र रोखून धरलं तर ते मेल्यासारखं दिसतं. तेच चित्र तीनदा गिरवा आणि 1-2-3 असं फिरवा. कागदाला श्वास फुटतो.

प्रश्न : मी दहावीत आहे. धावणाऱ्या मुलीचं चित्र करते आहे, पण ती धावत नाही, बर्फावरून घसरल्यासारखी जाते. (नाशिकरोड)

उत्तर : घसरण्याचं कारण बहुधा पायात नाही, रस्त्यात आहे. जमिनीवर टेकलेलं पाऊल एका चौकटीत जेवढं मागे जातं, तेवढाच रस्ता मागे सरकला पाहिजे. तुझ्या चित्रात पाऊल 10 मिलिमीटर मागे जातंय आणि रस्ता 6 मिलिमीटर सरकतोय, असं असणार. पट्टी घे, दोन लागोपाठच्या चित्रांत टाचेचं अंतर मोज आणि रस्ता तेवढाच सरकव. चित्र दोन चौकटी थांबत असेल तर रस्ताही दोन-दोन चौकटींनीच सरकव, नाहीतर पाऊल मागे-पुढे दचकतं.

आता धावण्याबद्दल. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना प्रत्येक पावलामागे एक क्षण दोन्ही पाय हवेत असतात. ते चित्र नसेल तर कितीही भरभर चालव, ती लगबगीनं चालणारी मुलगीच दिसेल. एका पावलाला आठ चौकटी धर, म्हणजे चार चित्रं: पाय टेकला, गुडघा वाकून अंग खाली गेलं, मागच्या पायानं जोर दिला, दोन्ही पाय हवेत. दुसऱ्या पायाची चार. आठ चित्रांत चक्र पूर्ण. डोकं दुसऱ्या चित्रात सगळ्यात खाली आणि चौथ्यात सगळ्यात वर येतं. सगळ्या चित्रांत डोकं एकाच उंचीवर ठेवलंस तर तेही घसरल्यासारखंच दिसेल, हे तुझं दुसरं कारण असू शकतं. हात पायाच्या उलट. वेणी आणि स्कर्टची कड अंगामागून एक-दोन चित्रं उशिरा हलू देत.

जमलं की मग थकवा दाखव: चौकटी आठाच्या दहा कर, हवेतलं चित्र जरा खाली आण, खांदे पुढे झुकव. शर्यतीच्या सुरुवातीची आणि शेवटची मुलगी वेगळी धावते.

प्रश्न : जुन्या काळाचा भास आणायला संपूर्ण चित्रपटाला तपकिरी छटा द्यावी का? (पंचवटी)

उत्तर : देऊ नका. तपकिरी फोटो होते, दिवस तपकिरी नव्हते. 1980 सालच्या रंगपंचमीला रहाडीतलं, म्हणजे रंगाच्या हौदातलं, पाणी आजइतकंच गडद होतं. एकच छटा सगळ्यावर ओतली की सकाळ, दुपार आणि संध्याकाळ सारखी होते, आणि आठवण तर बहुतेक वेळा विशिष्ट वेळेचीच असते.

त्याऐवजी उजेड कुठून येतो ते ठरवा. वाड्याच्या चौकात उन्हाळ्यात भर दुपारी उजेड सरळ वरून पडतो. सावल्या आखूड, ओसरी अंधारी, आणि चौकातल्या उन्हाची झिलई माजघराच्या छताला लागते. संध्याकाळी उजेड बोळातून आडवा येतो, भिंतीचा पिवळेपणा वाढतो आणि सावल्या निळसर होतात. सावलीसाठी काळा रंग वापरू नका. भिंतीच्याच रंगात थोडा निळा मिसळा. पावसाळ्यात सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि ओल्या दगडात आकाश दिसतं.

वस्तूंचं वयही तपासा. 1980 साली कुणाच्याच घरातली प्रत्येक वस्तू 1980ची नव्हती. नव्या रेडिओखाली आजीचा पाट असतो. सगळंच त्या वर्षीचं काढलं की घर दुकानासारखं दिसतं. ओझरला 1960च्या दशकापासून मिग विमानं बनत होती. छतावर उभं राहून आवाजामागे मान वळवणारा मुलगा एकदा दाखवला की नाशिकही कळतं आणि काळही. विमान दाखवायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या गटाला कोरियन चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. नाती आणि आदरार्थी भाषा कशी आणावी? शिवाय फाइल लावली की चौकोन दिसतात. (इंदिरानगर)

उत्तर : भाषेच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे, कारण इंग्रजीला जे जमत नाही ते आपल्याकडे तयार आहे. मुलगी थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते, मुलगा 'ह्योंग'. मुलगी थोरल्या बहिणीला 'ओन्नी', मुलगा 'नुना'. आपल्याला दादा आणि ताई पुरतात. सख्खं नातं नसलं तरी तसंच म्हणतात, आपल्यासारखंच. नावापुढे 'आ' किंवा 'या' लागतं: व्यंजनानंतर 'इरांग-आ', स्वरानंतर 'चोल्सू-या'. ते जवळच्यालाच लागतं. ते 'अगं इरांग', 'अरे चोल्सू' असं करा, एकदम घरचं होतं. वाक्याच्या शेवटी 'यो' आला तर साधारण 'तुम्ही', नसेल तर 'तू'. पण एखादं पात्र चित्रपटाच्या मध्यावर 'यो' सोडून देतं, त्या जागी तुमचंही 'तुम्ही'चं 'तू' व्हायला हवं. मैत्री झाल्याची ती खूण असते; ती जागा शोधून ठेवा. शाळेची इयत्ताही आपली लिहा: तिथली उच्च माध्यमिक दुसरी म्हणजे आपली अकरावी.

चौकोनांचं कारण दोनपैकी एक. मजकूर कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तो युनिकोड नसतो; आधी रूपांतर करा. युनिकोड असेल तर फाइल जतन करताना यूटीएफ-8 निवडा आणि प्लेअरमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट लावा. ओळी दोनच, ओळीत 38 ते 40 अक्षरांहून जास्त नको. कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

सुरुवातीला जुळलेली उपशीर्षकं पुढे पुढे सरकत गेली, तर चित्रपटाचा वेग 23.976 चौकटी आणि फाइल 25 साठी केलेली, असा घोळ असतो. दीड तासात साडेतीन मिनिटांहून जास्त फरक पडतो. सगळ्या वेळा एका आकड्यानं पुढे ढकलून हे सुटत नाही. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग बदला.

प्रश्न : शाळेत दाखवायचा तर परवानगी लागते का? (मुख्याध्यापक, सातपूर)

उत्तर : कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेसाठी सवलत आहे: कार्यक्रम संस्थेच्या कामाचा भाग असावा आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित एवढेच असावेत. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं किंवा तिकीट लावलं की ती सवलत संपते. मग हक्कधारकाची लेखी परवानगी हवी आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्रही. कॉपी मात्र रीतसर घेतलेलीच वापरा.

दहा फूट रुंद पडद्याला 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण खिडक्यांना काळा कपडा लावूनच. पेन्सिलीची फिकी रेघ उजेडात सगळ्यात आधी मरते. प्रोजेक्टर साधारण पंधरा फुटांवर. मुलं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या, नाहीतर मागच्यांना उपशीर्षकं दिसत नाहीत. स्पीकर पडद्याशेजारी ठेवा. सहावीच्या खालच्या मुलांना हा चित्रपट संथ वाटेल. त्यांना बळेच बसवू नका.

प्रश्न : मला चित्र अजिबात काढता येत नाही. उजेडपेटी नाही, गट नाही. तरी मोठं होण्याबद्दल काही करता येईल का? (गृहिणी, देवळाली कॅम्प)

उत्तर : येईल, आणि त्याचा पहिला नमुना आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं घालून दिलाय. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चौकट टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. 1915 मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक चौकट हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. पेन्सिल दोन्हीत नव्हती.

तुम्ही मूठभर मटकी घ्या. आठ तास भिजवा, ओल्या पांढऱ्या फडक्यावर सुटी सुटी पसरा. फोन स्टँडवर, मटकीपासून वीतभर अंतरावर, चार्जरला लावून ठेवा आणि फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर फोन आला की कंपनानं चौकट सरकते. फोकस आणि प्रकाश कुलूपबंद. जागा अशी निवडा जिथं खिडकीचा उजेड येत नाही आणि एकच एलईडी दिवा दिवसरात्र जळू शकतो. ठरावीक अंतरानं फोटो काढणारं ॲप दर दहा मिनिटांना लावा. दिवसाला 144 फोटो होतात. सेकंदाला 12 धरले तर एक दिवस म्हणजे 12 सेकंदं. मोड यायला एक दिवस, मुळं लांबायला दुसरा, पानं उघडायला आणखी दोन-तीन. पाणी ड्रॉपरनं फडक्याच्या कडेला सोडा, वरून शिंपडलंत तर दाणे हलतात. दिवा एका बाजूला ठेवलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे कोंब तिकडे माना वळवतील. तसं व्हायला हवं असेल तर दिवा डावीकडे ठेवा आणि चौकटीत डावीकडे मोकळी जागा सोडा.